उजव्या टोकाचा व्हाइस

मुठा,
६ डिसेंबर २०२३

शरदराव,

नमस्कार. तुमचं हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं शुभांगीनं फोनवर कळवलं. तुमची बहीण त्या दिवशी पोटभर जेवली. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाइलवर बोटं चालवता येत नाहीत, म्हणून कितीतरी वर्षांनी पत्र लिहायला बसलोय. काम तुमच्याच विषयातलं आहे.

मी सुतारकामाचं बेंच बनवतोय. हसू नका. बांधावरचा आंबा वादळात पडला होता, त्याच्या फळ्या कापून आणून माळ्यावर ठेवल्या होत्या. त्या आता चांगल्या वाळल्यात. पाय बाभळीचे केलेत. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच आहे, तिथेच काम चालतं. गावातला भिकू फळ्या धरायला येतो. शेजारच्या गोजराबाई रोज दारात उभ्या राहून बघून जातात. काल म्हणाल्या, "आण्णा, येवढा मोटा पाट कुनासाटी? नवरदेव हत्तीवरनं येनार हाय का?"

बेंच कौस्तुभसाठी आहे. सूसमधलं त्याचं फर्निचरचं दुकान दिवाळीआधी बंद झालं. तो आणि जान्हवी आता इकडे आमच्याकडे आलेत. सून स्कूटरवर हिंजवडीला ऑफिसला जाते. तो माडीवरच्या खोलीत बसून असतो. लाकडाचं नाव काढत नाही. शाळेत असताना तुम्ही त्याला सुट्टीत मिरजेला नेऊन रंधा मारायला शिकवलंत, तेव्हापासून त्याला मी असा पाहिलेला नाही. आपल्याच गोठ्यात बेंच उभं असलं तर कधीतरी उतरेल खाली, असं वाटतं. नाही उतरला तर काय करायचं, ते मला सुचत नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी व्हाइस आणलाय, लाकूड जबड्यात आवळून धरायचा शिकंजा. जड आहे, थोडा गंजलाय, पण स्क्रू फिरतो. तो बेंचला बसवतात कसा? आणि त्याच्या जबड्यांना लाकडाचं अस्तर लावतात, ते कशासाठी? कौस्तुभला विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

तुमचा,
विठ्ठल


मिरज,
१५ डिसेंबर २०२३

दाजी,

तुमचं पत्र वाचून शुभांगीला मोठ्यानं हाक मारली. लेकीला वाटलं, मला पुन्हा काही होतंय. जन्मभर भाताशिवाय दुसऱ्या कशाला हात न लावलेला माणूस बेंच बनवतोय, ही बातमी डॉक्टरांनाही सांगितली पाहिजे. त्यांनी मला उन्हाळ्यापर्यंत प्रवास बंद केलाय, नाहीतर उद्याच एसटीत बसलो असतो.

आता नीट वाचा. व्हाइस बेंचच्या फळीखाली बोल्टनं आवळायचा. पण फळी आणि व्हाइस यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घाला, म्हणजे लोखंडी जबड्यांची वरची कड फळीच्या पृष्ठभागापेक्षा बोटभर खाली राहील. रंधा लोखंडावर गेला की पात्याची धार गेलीच.

अस्तर दोन कारणांसाठी. लोखंडाचे दात लाकडावर उमटतात आणि लोखंड लाकडाला नुसतं दाबतं, धरत नाही. लाकूड लाकडाला धरतं. सागवान घ्या, जबड्यापेक्षा लांब आणि वर बेंचच्या पृष्ठभागापर्यंत येईल इतकं उंच. जबड्यांना मागून भोकं असतात, त्यातून स्क्रू मारा. बाहेरच्या जबड्याचं अस्तर वरच्या कडेला अगदी किंचित आत झुकलेलं हवं. आवळताना वरची कड आधी टेकते आणि मग सगळी पकड बसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतला जबडा. बेंचच्या कडेत खाच पाडून तो आत बसवायचा. अस्तर लागल्यावर ते आणि बेंचची कड एका रेषेत आली पाहिजेत. नाहीतर लांब फळी व्हाइसमध्ये धरली की तिचं दुसरं टोक कडेपासून सुटून हवेत हलत राहतं. नवशिके हमखास इथेच कंटाळा करतात.

आणि व्हाइस बेंचच्या डाव्या टोकाला. डाव्या. तुमच्या लग्नात तुम्ही नलीच्या भलत्या बाजूला जाऊन बसला होतात आणि भटजींनी उठवलं होतं, म्हणून दोनदा लिहितोय.

कौस्तुभचं काय झालंय? भागीदाराशी भांडण?

शरद


मुठा,
२८ डिसेंबर २०२३

शरदराव,

तुमचं पत्र गोठ्यात खिळ्याला टांगून ठेवलंय. सागवानाचे दोन तुकडे मिळाले. भिकूच्या जुन्या दाराची चौकट होती.

भांडण वगैरे काही नाही. गिऱ्हाईक कमी झालं, एवढंच. तो सकाळी खिडकीत बसतो, दुपारी झोपतो. जान्हवी आली की तिच्याशी थोडं बोलतो. नलिनी ताट वर नेऊन देते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. व्हाइस बेंचच्या उजव्या टोकाला बसवला तर चालेल का? दुसरं, त्याचा दांडा हातानं न फिरवता गुडघ्यानं किंवा मांडीनं रेटून आवळता येईल अशी काही सोय असते का? तिसरं, अस्तरावर आणखी काही लावून पकड अशी करता येईल का, की दुसऱ्या हातानं धरावं न लागता तुकडा जागचा हलणार नाही?

घाई नाही, पण लवकर कळवलंत तर बरं. बेंच उभं राहिलंय. फक्त व्हाइसच राहिलाय.

विठ्ठल


मिरज,
८ जानेवारी २०२४

दाजी,

आता मात्र कमाल झाली. दोनदा लिहिलं तरी उजवीकडे! उजव्या हाताचा माणूस करवत उजव्या हातानं चालवतो, रंधा उजवीकडून डावीकडे मारतो. म्हणून व्हाइस डावीकडे. उजवीकडे लावलात तर ते डावखुऱ्याचं बेंच होईल, आणि आपल्या घरात डावखुरा कुणी नाही. गुडघ्यानं आवळणार म्हणजे हात काय खिशात घालून काम करणार आहात? तुकडा हलू नये म्हणून देवानं दुसरा हात दिलाय, त्यानं धरायचं. अहो, भात लावताना तरी दोन्ही हात वापरता ना?

खरं सांगू? बेंच तुम्ही बनवताय हेच मला पटत नाही. ज्याच्यासाठी बनवताय तो माडीवर झोपतो आणि सत्तरीचा बाप बाभळीला भोकं पाडतो. लाड पुरे झाले. त्याला माझा निरोप सांगा. मामा म्हणतो, दोन धडधाकट हात असताना बसून खाणाऱ्याला माझ्या बेंचपाशी मी कधी उभं केलं नसतं. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून कुणी हत्यारं टाकतं का? उद्या सकाळी खाली उतर म्हणावं आणि बापाच्या हातातली पटाशी घे.

माझं अक्षर आता सुधारलंय, बघा. ऑपरेशननंतर हात थरथरत होता.

शरद


मिरज,
२ मार्च २०२४

दाजी,

तुमचं उत्तर नाही. नलीचा शुभांगीला फोन आला, पण मला काही सांगू नको असं ती म्हणाल्याचं शुभांगीच्या तोंडावरून कळलं. मला ऐकू येत नाही, दिसतं चांगलं.

आज माझ्या बेंचच्या व्हाइसला तेल घालत होतो. स्क्रू मागेपुढे करताना तुमचे तीन प्रश्न आठवले. उजवं टोक. गुडघ्यानं आवळायचा दांडा. दुसऱ्या हाताशिवाय न हलणारी पकड. ते तीन निरनिराळे प्रश्न आहेत असं समजून मी त्यांची चेष्टा केली. ते एकाच माणसाचे आहेत.

दाजी, उजवा ना?

मनगटापासून की कोपरापासून, एवढंच कळवा. कोपर उरलं असेल तर त्याला टेकायला जागा करता येते.

शरद


मुठा,
९ मार्च २०२४

दादा,

हे पत्र मी लिहितेय. हे स्वतः लिहायला बसले होते, कागद तसाच ठेवून शेतावर गेले.

कौस्तुभचा कोपराखाली थोडा उरलाय. बाकी उजवा हात गेला.

दसऱ्यानंतरची गोष्ट. गिऱ्हाइकाकडे कपाटाचं माप घ्यायला मोटरसायकलवर निघाला होता. वळणावर डंपर आला. डॉक्टरांनी जीव वाचवला म्हणून आम्ही त्यांच्या पाया पडलो. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "माझा हात कुठे ठेवलाय?" ठेवलाय म्हणाला, दादा. एखादं हत्यार विचारावं तसं.

तुला मीच कळवू दिलं नाही. तुझी छाती उघडून आठवडा झाला नव्हता. शुभांगीलाही शपथ घातली. तिच्यावर रागावू नकोस.

तुझं जानेवारीचं पत्र पोस्टमननं त्याच्याच हातात दिलं. हे गोठ्यात होते, मी चुलीपाशी. त्यानं ते दारातच उभं राहून वाचलं. दात आणि हात लावून पाकीट फाडलं, मी बघत होते. मग कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आई, मामांना बरं वाटायला लागलंय. अक्षर थरथरत नाही आता." एवढं बोलून वर गेला. तुझ्याबद्दल त्याच्या मनात काही नाही. पण त्यानंतर तो खिडकीतसुद्धा बसेना. गोठ्यातून करवतीचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायचा. ह्यांनी मग काम थांबवलं. बेंच तसंच आहे, गोणपाटाखाली.

हे रोज गोठ्यात जातात, गोणपाट उचलतात, फळीवर हात फिरवतात, पुन्हा झाकतात. मला दोघांचंही बघवत नाही. तुला लिहू नये असं वाटत होतं, आता लिहून मोकळी झाले. तू जपून राहा. गोळ्या चुकवू नकोस.

नली


मिरज,
२६ मार्च २०२४

दाजी,

मी लिहिलेलं वाक्य आता परत घेता येत नाही. त्यावर आणखी लिहीत बसलो तर तुमचं काम मागे राहील.

नलीचं पत्र आल्यावर मी उजवा हात शर्टाच्या आत घेऊन शुभांगीकडून पट्ट्यानं बांधून घेतला. कोपर तेवढं मोकळं ठेवलं. ती आधी तयार नव्हती. "बाबा, शोभतं का हे?" म्हणाली. रोज सकाळी चहानंतर जेवणापर्यंत तसाच बेंचपाशी उभा राहिलो. पहिल्या दिवशी एक फळीसुद्धा व्हाइसमध्ये धरता आली नाही. फळी धरली की दांडा फिरवायला हात नाही. दांड्याला हात घातला की फळी पायावर पडते. पायाचा अंगठा सुजलाय, शुभांगीला वाटतं युरिक अ‍ॅसिड.

मग जमत गेलं. जे जमलं ते लिहितो.

व्हाइस उजव्या टोकालाच. तुमचं बरोबर होतं.

जबड्यांच्या तळाशी, अस्तराच्या खालच्या कडेला, एक बारीक पट्टी मारा. तुकडा तिच्यावर उभा राहतो आणि हात मोकळा होतो. लांब फळीसाठी बेंचच्या दुसऱ्या पायाला ओळीनं भोकं पाडा आणि त्यात खुंटी घाला. फळीचं दुसरं टोक खुंटीवर टेकतं.

दांड्याच्या एका टोकाला पाइपाचा तुकडा घालून तो लांब करा. हातानं टेकेपर्यंत आवळायचं, शेवटचा जोर गुडघ्यानं. माझ्या गुडघ्याला जमतं, त्याच्या गुडघ्याला जमेलच.

दोन्ही अस्तरांवर चामडं चिकटवा. खरखरीत बाजू बाहेर. चामडं सोबत पाठवतोय. माझ्या हत्यारांच्या जुन्या पिशवीचं आहे, त्याच्या ओळखीचं.

दुसरा एक छोटा व्हाइस मिळाला तर बेंचच्या डाव्या बाजूच्या शेवटाला लावा आणि फळीत लाकडी खुंट्या बसवा. आडवी फळी खुंट्यांमध्ये आवळली की रंधा एका हातानं मारता येतो. मारला मी. कोपरानं रंध्याच्या पाठीवर दाब देता येतो. सुरेख नाही, पण रंध्याचा कीस निघतो.

जे जमत नाही तेही लिहितो, कारण तो लगेच ओळखेल आणि मग आपलं काहीच खरं मानणार नाही. पटाशी आणि हातोडी एकत्र चालत नाहीत. सांधे त्याला पूर्वीसारखे जमणार नाहीत. मी रोज करून पाहिलं. रडू आलं, पण ते जमलं नाही.

शरद


मुठा,
१२ मे २०२४

शरदराव,

व्हाइस बसला. दोन्ही बसले. चामडं चिकटवून वर रात्रभर दगड ठेवला. खुंट्या भिकूनं तासून दिल्या. गोजराबाई म्हणाल्या, "आता ह्यो पाट न्हाई राहिला, हे काय तरी हास्पिटलातलं वाटतंय." 

अक्षयतृतीयेला सकाळी मी माडीवर गेलो आणि कौस्तुभला म्हणालो, "खाली ये. एक दाखवायचंय." तो आला. मला वाटलं होतं, येणार नाही. गोठ्याच्या दारात थांबला. मग पुढे होऊन बेंचला एक फेरी घातली. दांड्याला लावलेला पाइप पाहिला. खुंट्या पाहिल्या. खाली वाकून ठोकळा पाहिला. मग डाव्या हाताचा अंगठा चामड्यावरून फिरवला.

"मामांची पिशवी?"

"हो."

"फाडली त्यांनी?"

"कापून पाठवली."

नलिनी दारात येऊन उभी राहिली होती. मग त्यानं कोपऱ्यातली एक फळी उचलली, बेंचच्या कडेला लावली आणि म्हणाला, "बाबा, आतला जबडा बाहेर आलाय. फळी कडेला टेकत नाही."

तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. खाच पाडायला गेलो तेव्हा कड फुटेल अशी भीती वाटली, म्हणून जबडा तसाच वरून आवळला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

त्यानं फळी परत कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "सोमवारपासून मी ऑफिसला जाणार आहे. जान्हवीनं बघितलंय. कॉम्प्युटरवर तक्रारी बघायच्या आणि उत्तरं लिहायची. एका हातानं होतं. नेऱ्याला खोली घेतोय, तिला रोज एवढं लांब पडतं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "हे कुणाला तरी देऊन टाका. चांगलं झालंय."

ते शनिवारी गेले. जाताना बॅग डाव्या खांद्यावर होती. मी उचलायला गेलो तर, "राहू द्या बाबा, ही मला जमते," म्हणाला.

चांगलंच झालं म्हणायचं. पोरगं उठून कामाला लागलं. नलिनी देवाजवळ साखर ठेवून आली. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली, दिवा न लावता.

विठ्ठल


मिरज,
३० मे २०२४

दाजी,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा शुभांगीनं घेतलं आणि ठेवून दिलं.

तो गेला ते बरोबर केलं. ज्या हातानं आयुष्यभर सांधे केले, त्याच्याशिवाय रोज बेंचपुढे उभं राहायचं म्हणजे काय, ते मी पट्टा बांधून पाहिलंय. पण माझा पट्टा जेवायच्या वेळी सुटत होता.

आता बेंचचं. रिकामं ठेवू नका, लाकूड वाकतं. बोल्ट सोडा आणि व्हाइस डाव्या टोकाला घ्या, म्हणजे तुम्हाला वापरता येईल. दांड्याचा पाइप काढा. चामडं राहू द्या, त्यानं बिघडत नाही. पाट, स्टूल, काहीतरी करा. मी इथून सांगत जाईन.

नलीला सांगा, श्रावणात मी येतो. डॉक्टर हो म्हणालेत.

शरद


मुठा,
१० नोव्हेंबर २०२४

शरदराव,

श्रावणात तुम्ही येऊन गेलात, बेंच पाहिलंत आणि मला ओरडला नाहीत. व्हाइस उजवीकडेच होता. तुम्ही मेमध्ये लिहिल्यावर मी पाना घेऊन बसलो होतो. दोन बोल्ट सैल केले. मग परत आवळले.

त्याऐवजी मी ती खाच पाडायला घेतली. आधी व्हाइस उतरवला, सगळं अस्तर काढलं. तुम्ही गोठ्यात पुसलेल्या पेन्सिलीच्या रेघा पाहिल्यात, त्या त्यासाठीच होत्या. तुम्ही गेल्यावर, मग खुरपणी झाल्यावर, असं करत करत थोडी थोडी पाडली. आंब्याचं लाकूड आडवंतिडवं जातं. एका ठिकाणी कड फुटलीच, तिथे वेगळा तुकडा बसवून सरसानं जोडला. दिवाळीआधी जबडा आत बसला. फळी लावून पाहिली, सगळीकडे टेकली.

भाऊबिजेला कौस्तुभ आणि जान्हवी आले होते. त्याचा चेहरा भरलाय. ऑफिसचे शर्ट घालतो, उजवी बाही दुमडून पिन लावलेली असते. जेवणाला वेळ होता, म्हणून तो गोठ्याकडे गेला. मी मागे गेलो नाही. खिडकीतून दिसत होता.

त्यानं कोपऱ्यातली तीच फळी घेतली. खालच्या पट्टीवर एक टोक ठेवलं, दुसरं खुंटीवर. कड हातानं चाचपून पाहिली. मग दांडा फिरवला आणि शेवटी गुडघ्यानं रेटला. तो गुडघ्यानं आवळायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगितलं नसणार.

रंधा बेंचवरच होता, मीच धार लावून ठेवला होता. त्यानं तो उचलला, पातं बोटानं पाहिलं आणि ठेवून दिला. मग बाहेर येऊन ओसरीवर पाय धुतले आणि आत येताना मला म्हणाला, "आता बसलाय बरोबर."

"हो," मी म्हणालो.

नलिनीनं पाट मांडले होते. तो जेवला. दुसऱ्या दिवशी दोघं नेऱ्याला गेले.

फळी अजून तशीच व्हाइसमध्ये आवळलेली आहे. भिकू काल म्हणाला, "आण्णा, सोडवू का? उगाच स्क्रूवर ताण येतोय." मी नको म्हणालो. तुम्ही ओरडाल, माहीत आहे. स्क्रूला दर आठवड्याला तेल घालतो.

विठ्ठल